महागडं नामांकित विद्यापीठ की परवडणारं कॉलेज? अभियांत्रिकी प्रवेशाबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हे लिहिलं आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, एखादं गोव्याचं. आकडेमोड सोपी आहे. कागद-पेन घेऊन आपल्या घरचे आकडे तिच्यात घालून बघा.

फी जास्त म्हणजे कॉलेज चांगलं, असं असतं का?

नाही, आणि आपल्या राज्यात तर बऱ्याचदा चित्र उलटं आहे. पुण्याचं सीओईपी १८५४ पासूनचं आहे. २०२२ मध्ये त्याला तंत्रज्ञान विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ सालची, माटुंग्याची आयसीटी १९३३ सालची, सांगलीचं वालचंद १९४७ सालचं. या सगळ्यांची फी बड्या खासगी विद्यापीठांच्या मानाने कितीतरी कमी आहे आणि नाव त्यांच्याहून मोठं. तिथे जागा मिळत असेल तर विचार करायला फारसं काही उरतच नाही.

खरा पेच पडतो तो मधल्या टक्केवारीवाल्यांना. राज्याच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीत, ८५ ते ९५ पर्सेंटाइल मिळालेत. कॅपमधून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) कराड, अमरावती, जळगाव किंवा रत्नागिरीचं शासकीय कॉलेज किंवा पुण्या-नागपुरातलं बरं विनाअनुदानित कॉलेज मिळू शकतं. दुसरीकडे एखादं अभिमत (डीम्ड) किंवा खासगी विद्यापीठ वर्षाला तीन-चार लाख घेऊन कॉम्प्युटर सायन्स द्यायला तयार आहे. पुढचे प्रश्न मुख्यतः याच घरांतून येतात.

फीचा कुठला आकडा खरा धरायचा?

माहितीपत्रकावरचा पहिल्या वर्षाचा आकडा धरू नका. चार वर्षांची बेरीज करा आणि दरवर्षीची वाढ त्यात धरा. समजा पहिल्या वर्षी ४ लाख आणि दरवर्षी ८ टक्के वाढ. मग दुसऱ्या वर्षी ४ लाख ३२ हजार, तिसऱ्या वर्षी ४ लाख ६७ हजार, चौथ्या वर्षी ५ लाख ४ हजार होतात. एकूण १८ लाखांच्या वर. ‘सोळा लाखांत होईल’ म्हणून बसलेल्या घराला इथेच दोन लाखांचा फटका बसतो. फीवाढीचं कलम प्रवेशपत्रात असतं. ते नसेल तर वाढ होणार नाही असा अर्थ काढू नका, ईमेलवर लेखी विचारा.

मग वरचे खर्च येतात: वसतिगृह (काही ठिकाणी पहिल्या वर्षी सक्तीचं), मेस, अनामत रक्कम, परीक्षा फी, लॅपटॉप, गणवेश, गावी जाणं-येणं. शिकवणी शुल्काखालची ही यादी कार्यालयातून लेखी मागून घ्या. घरून जाता-येता येईल असं कॉलेज असेल तर राहण्या-खाण्याचे चार वर्षांचे पैसे वाचतात. कित्येकदा ही बचत फीमधल्या फरकाच्या बरोबरीची निघते.

कर्ज काढलं तर हप्ता किती बसेल?

दोन उदाहरणं बघू, दोन्हीत व्याज १० टक्के.

पहिलं: दरवर्षी ४ लाख, चार वर्षांत १६ लाख उचलले. शिक्षणाची चार वर्षं आणि त्यानंतरचं एक वर्ष बहुतेक बँका हप्ता मागत नाहीत. व्याज मात्र चालूच राहतं. सरळ व्याजाने पहिल्या उचलीवर पाच वर्षांचे २ लाख, दुसरीवर १ लाख ६० हजार, तिसरीवर १ लाख २० हजार, चौथीवर ८० हजार. एकूण ५ लाख ६० हजार. म्हणजे हप्ता सुरू होतो त्या दिवशी कर्ज २१ लाख ६० हजारांचं झालेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण २८,५०० रुपये आणि एकूण फेड ३४ लाखांच्या पुढे.

दुसरं: दरवर्षी १ लाख, एकूण ४ लाख. याच हिशेबाने कर्ज ५ लाख ४० हजारांचं होतं. दहा वर्षांचा हप्ता सुमारे ७,१०० रुपये, पाच वर्षांत मोकळं व्हायचं तर सुमारे ११,५०० रुपये.

पहिल्या उदाहरणात शिक्षण चालू असतानाच दर महिन्याचं व्याज भरत गेलात (पहिल्या वर्षी महिना ३,३०० रुपये, चौथ्या वर्षी १३,३००), तर नंतरचा हप्ता २१,१०० वर येतो आणि एकूण सव्वातीन लाख रुपये वाचतात. व्याज आधीपासून भरल्यास काही बँका दरातही थोडी सवलत देतात. मंजुरीपत्र हातात येण्याआधी हे विचारून घ्या.

किती कर्ज झेपेल, हे कसं ठरवायचं?

दोन कसोट्या लावा. एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा मोठं नसावं, आणि हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसावा. पगार धरायचा तो त्या कॉलेजातल्या त्या शाखेतल्या मधल्या विद्यार्थ्याचा, जाहिरातीतल्या पहिल्या नंबराचा नव्हे. मोठ्या आयटी कंपन्यांत फ्रेशरना घाऊक भरतीत मिळणारं पॅकेज कित्येक वर्षं वार्षिक साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतं आहे. त्या पगारात २८,५०० चा हप्ता बसूच शकत नाही, तो आई-वडिलांच्या पगारातून किंवा पेन्शनमधून जातो. सहा लाखांचं पॅकेज असलं तरी पुण्या-बंगळुरूत भाडं आणि जेवण भागवून इतका हप्ता ओढणं जिवावर येतं.

तारण लागतं का? सरकारी मदत काय आहे?

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण लागत नाही. त्यापुढे घर, जमीन किंवा मुदत ठेव मागतात. शेतजमीन तारण म्हणून घ्यायला अनेक शाखा नाखूश असतात, म्हणून गावाकडच्या घरांनी बँकेत जूनऐवजी एप्रिलमध्येच विचारणा करावी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात ३ टक्के व्याज-सवलत मिळू शकते, पण तिला दरवर्षी लाभार्थ्यांची मर्यादा आहे. संस्थांची यादी एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीवरून ठरते. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे योजनेच्या पोर्टलवर स्वतः तपासा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका. व्यवस्थापन कोट्यातून (कॉलेज स्वतः भरतं त्या जागांवर) प्रवेश घेतलात तर ही योजना लागू होत नाही.

प्राप्तिकराच्या कलम ८०-ई खाली व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत.

शिष्यवृत्तीचा फरक खरंच इतका पडतो का?

पडतो, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. राज्य सरकारच्या फी-सवलतीच्या योजना कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला लागू होतात. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं त्यांतून वगळलेली आहेत. विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण २०१५ च्या कायद्याखाली ठरवून देतं. खासगी अभिमत विद्यापीठं त्या कायद्याखाली येत नाहीत, आपली फी तीच ठरवतात.

खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिकवणी शुल्काचा निम्मा भाग मिळतो. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला: आर्थिक दुर्बल घटक (ईडब्ल्यूएस), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि विमुक्त-भटक्या जमातींसाठी आधीपासून वेगळ्या योजना आहेत.

समजा एका विनाअनुदानित कॉलेजची फी दीड लाख आहे, त्यात १ लाख ३० हजार शिकवणी शुल्क आणि २० हजार विकास शुल्क. शाहू महाराज योजनेतला मुलगा ६५ हजार अधिक २० हजार असे ८५ हजार भरेल. त्याची पात्र बहीण फक्त २० हजार भरेल. हीच दोघं ४ लाखांच्या अभिमत विद्यापीठात गेली तर दोघांनाही ४-४ लाखच भरावे लागतील. मुलीच्या बाबतीत एका वर्षाचा फरक ३ लाख ८० हजारांचा झाला. ‘मुलीसाठी एवढा खर्च कशाला’ म्हणून तिचं शिक्षण आखडतं घेणाऱ्या घरांपर्यंत हा हिशेब पोचलाच पाहिजे.

शिकवणी शुल्क माफी योजना, म्हणजे टीएफडब्ल्यूएस, हीसुद्धा विसरू नका. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी प्रत्येक शाखेत ५ टक्के जादा जागा असतात. पर्याय भरताना त्यांचा संकेतांक वेगळा असतो आणि शेवटी ‘टी’ येतो. तो संकेतांक निवडला नाही तर पात्र असूनही जागा मिळत नाही. या जागेवर प्रवेश घेतल्यावर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.

कागदपत्रांमुळे स्वस्त जागा हातची जाते, म्हणजे नेमकं काय होतं?

प्रवर्गाची जागा मागितली आणि जात वैधता प्रमाणपत्र किंवा चालू मुदतीचं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र वेळेत सादर झालं नाही, तर उमेदवार खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. मग गुणांना मिळत असलेलं शासकीय कॉलेज जातं आणि फी-सवलतही जाते. वैधता समितीचं काम काही दिवसांत होणारं नसतं, म्हणून अकरावीतच अर्ज टाका. नॉन-क्रिमीलेअरवर छापलेली मुदतीची तारीख वाचा, ती बहुधा ३१ मार्चची असते. ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातलं लागतं, केंद्राच्या नमुन्यातलं इथे चालत नाही.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून आधीच काढा. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून मिळणारे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. बँकेत आधार नुसतं नोंदवलेलं असणं आणि खातं थेट लाभासाठी जोडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाखेत जाऊन ‘डीबीटीसाठी कुठलं खातं जोडलेलं आहे’ असं विचारा. जुन्या, बंद पडलेल्या खात्याशी जोडणी राहून गेल्यामुळे पैसे अडकतात. आणि हप्ते उशिरा येतात हे गृहीत धरूनच घरात रोख ठेवा.

‘९० टक्के प्लेसमेंट’ या दाव्याची छाननी कशी करायची?

एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली माहिती त्यांच्याकडे भरावी लागते. ती पीडीएफ एनआयआरएफच्या आणि संस्थेच्याही संकेतस्थळावर असते. त्यात चार वर्षांच्या पदवीचा तक्ता शोधा. एका ओळीत पहिल्या वर्षी किती जागांवर प्रवेश झाला, किती जण वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, मध्यक पगार (पगार क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येणारा) किती आणि किती जण पुढे शिकायला गेले, हे सगळं असतं.

समजा आकडे असे आहेत: प्रवेश ६००, वेळेत पास ४८०, नोकरी ३१०, उच्च शिक्षण ६०, मध्यक ६ लाख. जाहिरातीत ९० टक्के लिहिलेलं असतं, कारण तिथे भागाकार प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलेल्या ३४५ जणांनी केलेला असतो. प्रवेश घेतलेल्या ६०० जणांनी भागलं तर निघतात ५२ टक्के. तुमचं मूल या ६०० पैकी एक असणार आहे, तेव्हा भागाकार ६०० नेच करायचा. ४८० वजा ३१० वजा ६० म्हणजे ११० जण वेळेत पास होऊनही कुठेच दिसत नाहीत, आणि १२० जण चार वर्षांत पासच झालेले नाहीत. ओळीतला सगळ्यात बोलका आकडा बहुतेक वेळा हाच असतो.

सरासरी पगार विचारात घेऊ नका. नऊ जणांना ४ लाख आणि एकाला ४४ लाख मिळाले की सरासरी ८ लाख होते, आणि नऊ जणांचा पगार तिच्या निम्माच असतो. मध्यक मागा, आणि तोही शाखेनुसार. एनआयआरएफचा तक्ता सगळ्या शाखांचा एकत्र असतो, म्हणून मेकॅनिकल किंवा सिव्हिलला जाणाऱ्यांनी प्लेसमेंट कक्षाकडून मागच्या वर्षीची शाखावार यादी घ्यावी: कंपनीचं नाव, किती जण घेतले, पॅकेज किती. यादीऐवजी नुसते लोगो दाखवले तर काय समजायचं ते समजा. एकाच विद्यार्थ्याच्या दोन ऑफर दोनदा मोजल्या आहेत का, आणि पॅकेजमध्ये जॉइनिंग बोनस, शेअर्स आणि ग्रॅच्युइटी किती, हेही विचारा.

शाखा महत्त्वाची की कॉलेज?

आवड पक्की असेल तर शाखा. ती पक्की नसेल आणि एका बाजूला जुनं, भक्कम शासकीय कॉलेज असेल तर कॉलेज. आठ-दहा लाख जादा मोजून नको असलेल्या कॉलेजात ‘कॉम्प्युटर’ घेण्यापेक्षा शासकीय कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल घेणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या भरतीत या शाखांनाही बऱ्याचदा बसता येतं. मात्र दहावी, बारावी आणि पदवीला ६० टक्के आणि बॅकलॉग (राहिलेला विषय) नाही, अशी अट अनेक कंपन्या लावतात. तेव्हा झेपेल अशी शाखा घेणं हेही कारणच आहे.

‘एआय’, ‘डेटा सायन्स’, ‘सायबर’ अशा नव्या नावांच्या शाखांत पहिली तुकडी बाहेर पडली आहे का आणि शिकवणारे पूर्णवेळ आहेत का, ते बघा. नॅक मूल्यांकन संस्थेचं असतं, एनबीए मानांकन एकेका अभ्यासक्रमाचं. संस्था ‘ए प्लस’ असली तरी तुमच्या शाखेला एनबीए नसू शकतं.

खासगी विद्यापीठ मे महिन्यातच ‘सीट बुक करा’ म्हणतं आणि कॅप सुरू होते नंतर. काय करायचं?

ही घाई मुद्दाम केलेली असते, घाबरून सगळी फी भरू नका. मागितलेली कमीत कमी रक्कम भरा, पावती घ्या, आणि परताव्याचा नियम लेखी मिळवा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी माघार घेतली तर पूर्ण फी परत मिळते (प्रक्रियेपोटी जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात). अंतिम तारखेला १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यानंतर काहीच नाही. यूजीसी काही वर्षी याहून उदार परिपत्रकही काढतं, ते त्या वर्षी बघावं.

‘अंतिम तारीख’ कुठली, हीच मेख आहे. ती जाहीर झालेल्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. माघारीचा अर्ज ईमेलने करा, फोनवर सांगून भागत नाही. मूळ शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका त्यांच्या ताब्यात देऊ नका. पडताळणी करून मूळ कागद परत करायचे असा यूजीसीचा दंडक आहे, आणि कॅपच्या प्रवेशाला तेच मूळ कागद लागतात.

कॅपचे पर्याय भरताना फीचा विचार कसा करायचा?

पर्याय भरण्याआधी प्रत्येक कॉलेजपुढे सवलत वजा जाता पडणारी फी लिहा आणि मगच क्रम लावा. २०२५-२६ च्या प्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलाही पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होत होता. तो नाकारला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे परवडणार नाही असं कॉलेज ‘बघू तरी’ म्हणून वर टाकू नका. नियम दरवर्षी बदलतात, चालू वर्षाची माहितीपुस्तिका वाचा.

व्यवस्थापन कोट्यातून घ्यावं का?

कॉलेज तेच, शिकवणारे तेच, पण राज्याची फी-सवलत नाही. रोख मागितली तर उठून या.

मग महागड्या विद्यापीठात जाणं कधी योग्य ठरतं?

फी घरच्या बचतीतून जात असेल आणि घराचं काही अडणार नसेल, तर जरूर जावं. कर्ज काढायचं असेल तर त्या शाखेचा मध्यक पगार दुसऱ्या पर्यायापेक्षा ठळकपणे जास्त असायला हवा, पन्नास हजारांच्या फरकाने नव्हे. गोव्यात झुआरीनगरचं बिट्स हे असं उदाहरण आहे. फी भरपूर आहे, पण प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मिळतो आणि सोबतचे विद्यार्थीही तसेच निवडून आलेले असतात. तरीही फर्मागुडीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय हातात असलेल्या गोंयकार मुलाने वरचा हप्त्याचा हिशेब करूनच ठरवावं.

विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती मिळत असेल तर ती चारही वर्षं आहे की फक्त पहिल्या वर्षी, आणि ती टिकवायला किती सीजीपीए लागतो, ते आधी विचारा. पहिल्याच सेमिस्टरला ती हातची गेली की अख्खा हिशेब कोलमडतो.

नावाचा परिणाम किती, यावर अमेरिकेत डेल आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. १९७६ मध्ये कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी, साधारण सारख्याच कॉलेजांत अर्ज करून प्रवेश मिळालेल्यांत, अधिक नामांकित कॉलेजात गेलेल्यांची पुढची कमाई इतरांपेक्षा विशेष जास्त निघाली नाही. अपवाद होता तो कमी शिकलेल्या किंवा गरीब घरांतून आलेल्यांचा, त्यांना नामांकित कॉलेजचा फायदा झाला. आपल्याकडची व्यवस्था वेगळी आहे, पण घरात पहिल्यांदाच कुणी पदवीला जात असेल तर ओळखी आणि मार्गदर्शन मिळवून देणाऱ्या कॉलेजला जास्त वजन द्यावं, असं आम्हालाही वाटतं. सुदैवाने तशी कॉलेजं आपल्याकडे शासकीयही आहेत.

परवडणाऱ्या कॉलेजात काय खटकतं?

रिकामी पदं, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, जुनी यंत्रं, कार्यालयातल्या खेपा. लहान शहरात कंपन्या कमी येतात. यातलं काही स्वतः भरून काढता येतं: दुसऱ्या वर्षापासून एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन) अभ्यासक्रम, प्रत्यक्ष चालणारे दोन-तीन प्रकल्प, तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत इंटर्नशिप, इंग्रजीत बोलायचा रोजचा सराव. यासाठी वर्षाला वीस-तीस हजार बाजूला ठेवले तरी चार वर्षांत लाखभरच होतात.

मोठं नाव नंतर मिळवता येतं का?

येतं. कुठल्याही मान्यताप्राप्त कॉलेजातून पदवी घेतली तरी गेट या राष्ट्रीय परीक्षेतल्या गुणांवर आयआयटीत एमटेक करता येतं, त्यात महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि काही सार्वजनिक कंपन्या त्याच गुणांवर भरती करतात. परदेशी एमएस करायचं असेल तर पदवीच्या वेळचं कर्ज लहान असणं फार कामाला येतं. तारण ठेवायला घर एकच असतं, आणि ते पहिल्याच कर्जात अडकलं तर दुसरं कर्ज कशावर काढणार?

कॉलेज बघायला गेल्यावर काय बघायचं?

खुल्या दिवशी जाऊ नका, तेव्हा सगळं सजवलेलं असतं. साध्या मंगळवारी-बुधवारी दुपारी जा. प्रयोगशाळेत किती यंत्रं चालू आहेत आणि एका यंत्राभोवती किती मुलं उभी आहेत ते मोजा. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचारा. कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांना तीन गोष्टी विचारा: मागच्या सेमिस्टरला किती विषय तासिकेवरच्या सरांनी शिकवले, फीशिवाय वर्षभरात काय काय भरावं लागलं, आणि तुमच्या आधीच्या तुकडीतले बिननोकरीचे किती. मेसमध्ये एकदा जेवून या.

कर्जावर सही करण्याआधी पालकांनी काय तपासावं?

शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. मुलाला नोकरी लागली नाही तर बँक त्यांच्याकडे येते आणि हप्ते चुकले तर सिबिल दोघांचा खराब होतो. हप्ता सुरू होईल त्या वर्षी सहकर्जदाराचं वय काय असेल आणि निवृत्तीला किती वर्षं उरतील, हे लिहून बघा. धाकट्या भावंडाची बारावी कुठल्या वर्षी येते, तेही त्याच कागदावर लिहा. कर्जासोबत विमा बँकेकडूनच घ्या असा आग्रह होतो, त्याचा हप्ता कर्जाच्या रकमेतच मिळवला जातो का आणि मुदत विमा बाहेरून स्वतंत्र घेतल्यास किती पडतो, हे विचारल्याशिवाय सही करू नका.